आवाज न चढवता विचारलेला प्रश्न

रात्री जेवणाच्या वेळी टीव्हीवर राजकीय चर्चा लागली की आपल्या घरांतली वडीलधारी मंडळी रिमोट शोधू लागतात. सहा माणसे एकदम ओरडत असतात आणि सूत्रसंचालकाचा आवाज सर्वांत मोठा. हे रोज पाहणाऱ्या आई-वडिलांना मुलीने "मला पत्रकार व्हायचंय" असे सांगितले, तर ते बिचकणारच. अशा घरांसाठी या महिन्यात आम्ही अमेरिकेतील ग्वेन आयफिल यांची ओळख करून देत आहोत.

त्यांचा जन्म २९ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्क शहरात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील पनामाहून आलेले, चर्चमध्ये धर्मोपदेशक; आई मूळची बार्बाडोसची. सहा भावंडांत ग्वेन पाचव्या. वडिलांच्या कामामुळे गावे बदलत, कधी सरकारी मदतीच्या घरांत राहावे लागे. पण टीव्हीवरच्या बातम्या सर्वांनी एकत्र बसून पाहायच्या, हा घरचा शिरस्ता होता.

१९७७ साली बोस्टनच्या एका दैनिकात शिकाऊ म्हणून काम करत असताना त्यांना कुणीतरी लिहून ठेवलेली चिठ्ठी सापडली. वर्णावरून शिवी आणि "घरी चालती हो" असा मजकूर. ग्वेन यांनी ती वरिष्ठांना दाखवली. ते खजील झाले आणि पदवीनंतर त्यांनी ग्वेन यांना नोकरी देऊ केली. ग्वेन यांनी ती घेतली. अपमान झाला म्हणून हक्काची जागा सोडली नाही.

पुढे बाल्टिमोरचे दैनिक, मग 'वॉशिंग्टन पोस्ट', मग 'न्यूयॉर्क टाइम्स'. सतरा वर्षे वृत्तपत्रांत घासल्यावर १९९४ साली त्या 'एनबीसी' वाहिनीवर आल्या. १९९९ पासून सार्वजनिक प्रसारण सेवेवर 'वॉशिंग्टन वीक' हा साप्ताहिक कार्यक्रम त्यांनी चालवला. तिथे पत्रकार शांतपणे बोलत आणि एकमेकांचे ऐकून घेत.

५ ऑक्टोबर २००४ रोजी उपाध्यक्षपदाचे उमेदवार डिक चेनी आणि जॉन एडवर्ड्स यांच्या वादसभेचे संचालन ग्वेन यांच्याकडे होते. त्यांनी एड्सबद्दल विचारले आणि आधीच बजावले की चीन-आफ्रिकेचे नको, आपल्या देशाचे बोला. २५ ते ४४ वयाच्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा या रोगाने मृत्यू होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या १३ पट आहे, सरकार काय करणार? हे आकडे आपण ऐकलेले नाहीत, असे चेनींनी कबूल केले. एडवर्ड्स आफ्रिकेबद्दलच बोलू लागले. देश चालवू पाहणाऱ्या दोघांना आपल्याच देशातल्या त्या स्त्रियांची खबर नव्हती, हे साऱ्या अमेरिकेने पाहिले. ग्वेन यांनी ना टोमणा मारला, ना आवाज चढवला. आकडा मात्र त्यांच्याकडे तयार होता.

२००८ च्या वादसभेआधी, त्या ओबामांवर आणि नव्या कृष्णवर्णीय नेत्यांवर पुस्तक लिहीत आहेत म्हणून त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतली गेली. घोटा मोडलेला असतानाही त्यांनी ती सभा चालवली आणि आक्षेपांना कामातून उत्तर दिले. २०१३ साली त्या जूडी वुडरफ यांच्यासोबत 'पीबीएस न्यूजअवर'च्या सहसंपादक व निवेदक झाल्या. रोजच्या राष्ट्रीय बातम्यांची धुरा दोन स्त्रियांवर, हे तिथेही पहिल्यांदाच घडत होते. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २०२० साली अमेरिकेने त्यांचे टपाल तिकीट काढले.

आपल्याकडेही बायकांच्या आजाराचे, वस्तीतल्या नळाचे, मुलींच्या अर्धवट सुटलेल्या शाळेचे प्रश्न चर्चेत क्वचितच येतात. ते विचारायला ती परिस्थिती जवळून पाहिलेले कुणीतरी त्या खुर्चीपर्यंत पोहोचावे लागते. तोवर घरी एक सवय लावता येईल. बातम्या संपल्यावर मुलांना दोनच गोष्टी विचाराव्यात: आज प्रश्न काय होता, आणि त्याचे उत्तर मिळाले का? दहा मिनिटे लागतील. मुलगी म्हणाली की उत्तर मिळालेच नाही, तर मग तिलाच विचारा, "तू असतीस तर काय विचारलं असतंस?"