फलाट जनतेचे, गेट कोणाचे?

नागरा हे गोंदिया शहराच्या उशाशी वसलेले, प्राचीन शिवमंदिरामुळे भाविकांना परिचित असलेले गाव. धानाच्या बांधीत रोवणी चालू असावी आणि डोक्यावरून बिरसीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे लहानसे विमान घिरटी घालून जावे, एवढाच या भागातील कष्टकऱ्याचा विमानविद्येशी नित्याचा संबंध. अशा गावातील कार्यकर्त्यासमोर मुंबई-दिल्लीच्या विमानतळांवर दोन कंपन्या एक झाल्यावर त्यांची गेटे कशी एकत्र होतात हा विषय काढला, तर तो हसण्यावारी नेईल. परंतु तो तसा नेण्याजोगा नाही. विमानतळाची जमीन जनतेची आहे, बिरसीच्या विस्तारासाठी गेलेली जमीन तर याच तालुक्यातील शेतकऱ्यांची आहे आणि देशातील सर्वांत मोठे सरकारी हवाई विलीनीकरण ज्यांच्या कारकीर्दीत झाले ते मंत्री याच गोंदियाचे होते.

गेट म्हणजे काय, हे एसटीच्या स्थानकावरून समजते. स्थानकात फलाट मोजके असतात. कोणती गाडी कोणत्या फलाटाला केव्हा लागावी हे आगार ठरवते. विमानतळावरही उभे राहण्याच्या जागा, प्रवाशाला थेट विमानात नेणारे पूल, तपासणीचे काउंटर, सामानाचे पट्टे हे सारे मोजके असते. मुंबईचे उदाहरण घ्यावे. तेथे एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्याने एका वेळी एकच वापरता येते आणि ताशी सुमारे 46 उड्डाणे व अवतरणे एवढीच तिची कमाल मर्यादा मानली गेली. अशा ठिकाणी सकाळचे सोयीचे गेट आणि सकाळची सोयीची वेळ म्हणजे सोन्याची खाण. दोन कंपन्या वेगळ्या असतात तेव्हा एकीचे गेट दोन उड्डाणांच्या मध्ये रिकामे असते आणि दुसरीचे विमान जागेसाठी ताटकळत उभे असते. त्या एक झाल्या की ही मोकळी गेटे एका हिशेबात येतात, जोडउड्डाण पकडणाऱ्या प्रवाशाची पायपीट वाचते, उशिरा आलेल्या विमानासाठी राखीव जागा उरते. इथपर्यंत तक्रारीचे कारण नाही. जागेची उधळपट्टी थांबत असेल तर समाजवाद्याने तिचे स्वागतच करावे.

प्रश्न उभा राहतो तो पुढे. वाचलेले गेट कोणाला मिळते, आणि त्या गेटावर काल उभ्या असलेल्या माणसाचे काय होते?

विलीनीकरण ही गोष्ट भारताला नवी नाही. 1953 साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा डेक्कन एअरवेज, भारत एअरवेज, कलिंग एअरलाइन्स, हिमालयन एव्हिएशन यांसारख्या आठ कंपन्यांचे देशांतर्गत काम एकवटून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली आणि परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे राहिली. तेव्हा गेटांची टंचाई नव्हती. टंचाई होती ती भांडवलाची. पुढे 2007 च्या ऑगस्टमध्ये हीच दोन सरकारी भावंडे एकत्र करण्यात आली. हवाई वाहतूक खाते 2004 पासून 2011 च्या जानेवारीपर्यंत प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. तीस हजारांहून अधिक कामगारांच्या या दोन संस्था कागदावर एक झाल्या. विमानतळावर मात्र त्या वेगळ्याच राहिल्या. मुंबईत एकीचा संसार सहारला, दुसरीचा सांताक्रूझला. दोन्ही इमारतींत रस्त्याने काही किलोमीटरचे अंतर. दोन्ही संस्थांची उड्डाणे 2011 पर्यंत वेगवेगळ्या संकेताक्षरांनी चालत राहिली. दिल्लीत तिसरे टर्मिनल 2010 साली आणि मुंबईत दुसरे टर्मिनल 2014 साली सुरू झाल्यावर एका छताची सोय झाली, म्हणजे लग्न आधी आणि घर मागाहून. महालेखापरीक्षकांनी 2011 च्या अहवालात या विलीनीकरणाच्या वेळेवर ठपका ठेवला. दोन्ही कंपन्यांनी मिळून 111 विमानांची प्रचंड खरेदी आधी केली आणि एक होण्याचा विचार नंतर झाला, हा त्यातील मर्म. येथे व्यक्तीच्या दोषादोषाचा मुद्दा नाही. भाड्याने घेतलेल्या विमानांच्या प्रकरणाचा तपास बंद करण्याचा अहवाल सीबीआयने 2024 मध्ये न्यायालयात दिलाच आहे. मुद्दा धोरणाचा आहे.

आणि येथे डाव्या चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. गेट एक झाले, पगारपत्रक एक झाले नाही. 2011 साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. पुढच्याच वर्षी नव्या बोइंग 787 विमानांचे प्रशिक्षण त्याच वैमानिकांना द्यायला विरोध म्हणून पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी 58 दिवस काम बंद ठेवले. एकाच मालकाच्या दोन कामगार गटांनी एकमेकांच्या विरोधात शस्त्र उपसावे, आणि मालकाने, जो स्वतः सरकार होता, स्वस्थ पाहत बसावे! न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीने 2012 साली सेवाज्येष्ठता आणि वेतनाचा गुंता सोडवण्याचा मार्ग सुचवला. परंतु विलीनीकरणाला तोवर चार वर्षे उलटून गेली होती. संघटनांच्या धुरीणांनी 2007 मध्येच एकत्र बसून ज्येष्ठतेची यादी पुढे केली असती, तर पुढील दशकात खाजगीकरणाच्या वकिलांना इतके सोपे पुरावे मिळाले नसते.

ते पुरावे वापरले गेले. 2022 च्या जानेवारीत एअर इंडिया टाटा समूहाच्या हाती गेली. किंमत 18,000 कोटी रुपये ठरली आणि त्यातील 15,300 कोटी हा कर्जाचा बोजा होता. (याच सुमारास महाराष्ट्रात एसटीचे कामगार शासनात विलीनीकरण करा म्हणून संपावर होते. एकच शब्द, पण विमानात त्याचा अर्थ नोकरी जाण्याची भीती आणि एसटीत नोकरीची हमी.) मग 2024 च्या ऑक्टोबरमध्ये एअर एशियाची भारतीय शाखा एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये आणि 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा एअर इंडियामध्ये विलीन झाली. विस्ताराच्या उड्डाणांच्या क्रमांकामागे दोनाचा आकडा लागला, काउंटरांवरील पाट्या एका रात्रीत बदलल्या. सरकारला जे सात वर्षांत साधले नाही ते खाजगी मालकाने एका रात्रीत केले, असा गौरव वृत्तपत्रांतून झाला. त्या रात्रीची किंमत मात्र आधीच वसूल झाली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नव्या वेतनकरारावर नाराज वैमानिकांमुळे विस्ताराला आपली सुमारे दहावा हिस्सा उड्डाणे कमी करावी लागली. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी सामुदायिक आजारपणाची रजा टाकली. व्यवस्थापनाने पंचवीस जणांना काढून टाकले आणि केंद्रीय कामगार आयुक्तांसमोर बसल्यावर परत घेतले. हे परत घेणे दयेपोटी झाले नाही. उड्डाणे थांबली म्हणून झाले.

गेटावर काम करणारा, बॅगा चढवणारा, शिडी लावणारा माणूस तर या वेतनकराराच्या चौकटीतही नाही. तो ठेक्यावर असतो. दोन पाळ्यांची माणसे एका पाळीत बसवणे हेच गेट एकत्रीकरणातील खरे ‘वाचवणे’ असते, आणि त्याचा आकडा कोणत्याही ताळेबंदात ‘माणसे’ या शीर्षकाखाली दिसत नाही. 2024 च्या जुलैमध्ये मुंबईत कलिना येथे विमानतळावरील अशाच हलक्या कामांसाठी भरती निघाली. जागा दोन हजारांच्या आसपास, आणि लोटलेली तरुणांची गर्दी त्याच्या कितीतरी पट. चेंगराचेंगरी होईल म्हणून अर्ज घेऊन लोकांना परत पाठवावे लागले. त्या गर्दीत विदर्भातील पोरे होती.

आता राहिला मोकळ्या झालेल्या गेटाचा प्रश्न. अमेरिकेत कंपन्या दीर्घ भाडेपट्ट्याने गेटे स्वतःच्या ताब्यात ठेवतात, म्हणून तेथे 2013 साली अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज यांना एक होऊ देताना सरकारने अट घातली. बोस्टन, शिकागो, डॅलसचे लव्ह फील्ड, लॉस एंजेलिस आणि मायामी येथील प्रत्येकी दोन गेटे सोडा, वॉशिंग्टनच्या विमानतळावरील 104 वेळा सोडा. भांडवलशाहीच्या माहेरघरी एवढे होते. भारतात गेट कंपनीच्या मालकीचे नसते, विमानतळ चालवणारा ते वाटतो. म्हणून सरकारचे काम येथे अधिक सोपे असायला हवे. पण वाटणारा कोण? मुंबईच्या विमानतळात 2006 पासून चौऱ्याहत्तर टक्के हिस्सा खाजगी आहे आणि 2021 पासून तो अदानी समूहाकडे आहे. 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळातही तितकाच. खाजगी फलाटवाला आणि दोनच मोठे गाडीवाले, अशी ही व्यवस्था. आज देशातील दहापैकी जवळजवळ नऊ प्रवासी दोन कंपनीगटांच्या विमानांतून जातात. यांपैकी एकाच गटाचे वेळापत्रक 2025 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि सरकारने काय केले? वैमानिकांच्या विश्रांतीचा नियमच त्या कंपनीपुरता तात्पुरता शिथिल केला. मक्तेदार आजारी पडला की औषध कामगाराने घ्यायचे.

पक्षाच्या संसदेतील व विधिमंडळातील प्रतिनिधींनी म्हणूनच ठोस मागण्या धराव्यात. विलीनीकरणाला मंजुरी देताना मोकळी होणारी गेटे आणि उड्डाणाच्या वेळा विमानतळ प्राधिकरणाकडे परत याव्यात आणि त्यांतील ठरावीक वाटा लहान शहरांच्या उड्डाणांना मिळावा. ठेक्यावरील माणसांसह सर्वांची ज्येष्ठतेची यादी, संघटनांच्या सहीनिशी, विलीनीकरणाच्या आधी तयार व्हावी. गोंदियाच्या बाबतीत ही मागणी हौसेची नाही. बिरसीहून 2022 च्या मार्चमध्ये इंदूर आणि हैदराबादची सेवा मोठ्या समारंभाने सुरू झाली आणि काही महिन्यांत बंद पडली. 2023 च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा आणली. जमिनी गेलेल्यांचे पुनर्वसन मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले. मुंबईत कामाच्या शोधात निघालेला नागऱ्याचा तरुण आजही विदर्भ एक्स्प्रेसच्या साध्या डब्यातच चढतो, आणि कलिनाच्या रांगेत उभा राहिलाच तर त्याला हवे असते ते गेटावरचे काम, गेटातून जाण्याचे तिकीट नव्हे. त्याच्या नावाची नोंद त्या ज्येष्ठतेच्या यादीत कशी होईल, हे ठरवण्यासाठी गोंदियाच्या कार्यकर्त्यांनी मुंबईच्या विमानतळ कामगार संघटनांशी पत्रव्यवहार याच हंगामात सुरू करावा. पुढचे विलीनीकरण जाहीर होईपर्यंत थांबू नये.