संगणकाशी मैत्री : जुने यंत्र, नवा संगणक

कारखान्यातले जुने मिलिंग मशीन अजून धडधाकट असते. दगा देतो तो त्याला हुकूम सोडणारा संगणक. नव्या संगणकाला पॅरलल पोर्ट नसतो, म्हणून दुकानदार यूएसबीची प्रिंटर-केबल गळ्यात मारतो. (स्वस्त म्हणून मोह होतो खरा!) ती प्रिंटरपुरतीच. स्टेपर मोटारीला लागणारे पल्स तिच्यातून वेळेबरहुकूम जात नाहीत. पीसीआय एक्स्प्रेसचे पॅरलल कार्डच बसवा आणि सॉफ्टवेअरमध्ये पोर्टचा पत्ता बदला. जुना ३७८ बहुधा चालत नाही. पोर्ट ५ व्होल्टचा, मशीनचे नियंत्रण मात्र बहुतेकदा २४ व्होल्टचे. तेव्हा मध्ये ऑप्टोकपलरचा बोर्ड हवाच, नाहीतर नवा संगणकही जळायचा. काही नवी कार्डे ३.३ व्होल्टच देतात; तेवढ्यावर बोर्ड चालतो का, हे पैसे मोजण्याआधी विचारा.