वर्तणुकीचा रकाना

शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनीच कधी ना कधी जपून ठेवलेला असतो. त्यात जन्मतारीख, प्रगती इत्यादींच्या जोडीने 'वर्तणूक' असा एक रकाना असतो व त्यात बहुधा 'चांगली' एवढा एकच शब्द असतो. मध्य प्रदेशात हाच रकाना 'आचरण' या नावाने येतो. तो भरताना कोणी फारसा विचार करीत नाही. पण तेथे दुसरा एखादा शब्द पडला तर काय होते, ते मी जबलपूरला असताना पाहिले. तो शब्द ज्या बैठकीत ठरला, तिच्या इतिवृत्तावर माझीही सही आहे.

काही वर्षांपूर्वी या शहरातील एका सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पदसिद्ध सदस्य होतो. बैठकीत सतरा विषय होते. पाण्याची टाकी, प्रयोगशाळेचे साहित्य, कुंपणाची भिंत असे करीत आम्ही चौदाव्या विषयावर आलो : नववीतील एका विद्यार्थ्याची 'अनुशासनहीनता'. त्याच्याकडे मोबाइल सापडला होता, त्याने खिडकीची काच फोडली होती आणि शिक्षकांना उलट उत्तर दिले होते, असे सांगण्यात आले. पालकांना बोलावून दाखला हाती द्यावा, असा प्रस्ताव होता. पाच मिनिटांत तो मंजूर झाला. मुलगा त्या वेळी बाहेर व्हरांड्यातील बाकावर बसून होता. त्याला आत बोलावण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नाही. मलाही नाही.

पुढच्या वर्षी त्याची आई माझ्या कार्यालयात आली. आचरणाच्या रकान्यातील 'असंतोषजनक' हा शब्द वाचून दोन शाळांनी प्रवेश नाकारला होता व मुलाचे वर्ष वाया गेले होते. मी ती फाइल मागवून पाहिली. तिच्यात तीन शिक्षकांची टिपणे होती. मुलाचे म्हणणे सांगणारी एक ओळही नव्हती. काच कधी फुटली, कोणी पाहिली, याचाही उल्लेख नव्हता.

इथे माझ्यातील शासकीय अधिकारी अस्वस्थ झाला. माझ्या हाताखालच्या एखाद्या लिपिकाला ठपक्याची, म्हणजे सर्वांत सौम्य शिक्षा द्यायची असली, तरी १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांनुसार मला त्याला आरोप लेखी कळवावा लागतो व त्याचे म्हणणे मागवावे लागते. बडतर्फ करायचे असेल तर रीतसर दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षीदारांची उलटतपासणी, मदतीला एखादा सहकारी आणि शेवटी ४५ दिवसांच्या आत अपील. याच्याही वर संविधानाचा अनुच्छेद ३११ उभा आहे. पन्नाशीतील, पगारदार, कायदा जाणणाऱ्या माणसाला एवढे संरक्षण आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला व्हरांड्यातील बाक! हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, मुलांसाठी शिक्षण हक्क कायदा आहे की. आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आणि कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे सांगितले. परंतु या कायद्यातील 'बालक' सहा ते चौदा वर्षांचे आहे आणि प्राथमिक शिक्षण आठवीला संपते. म्हणजे मूल नववीत गेले, मिसरूड फुटू लागली, नियमांशी खटके उडण्याचे वय आले, की नेमके तेव्हाच हे छत्र डोक्यावरून निघून जाते. गंमत अशी, की कलम १७ मोडणाऱ्या शिक्षकावर कारवाई करायची तीही त्याच्या सेवानियमांनुसार, म्हणजे त्याचे म्हणणे ऐकून घेऊनच. ते योग्यच आहे. पण मग मुलाचे काय?

याहून विचित्र तुलना पुढे आहे. त्याच मुलाने बाजारात चोरी केली असती, तर तो बाल न्याय मंडळापुढे उभा राहिला असता. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला निर्दोषत्वाचे गृहीतक, आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आणि नैसर्गिक न्याय देते. चोरीचा आरोप असलेल्या मुलाला जे मिळते, ते काच फोडल्याचा आरोप असलेल्या विद्यार्थ्याला आम्ही दिले नाही.

न्यायालयांनी वाट दाखवलेली नाही असेही नाही. केरळमध्ये १९८५ साली राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहिलेल्या, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला आणि खात्याचे परिपत्रक म्हणजे मूलभूत हक्कांवर बंधन घालणारा कायदा नव्हे, असे बजावले. परिपत्रके काढण्यातच ज्यांची हयात गेली, त्या आम्हा अधिकाऱ्यांनी हा निकाल वरचेवर वाचावा. अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांच्या मुलांना तर १९७५ च्या गॉस विरुद्ध लोपेझ या निकालाने सार्वजनिक शाळेतून दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठीही आरोप कळण्याचा व बाजू मांडण्याचा हक्क मिळाला आहे.

आणि जबलपूर? कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे नाव १९७६ च्या ए.डी.एम. जबलपूर खटल्यामुळे पाठ असते. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्यांना न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे चार न्यायाधीशांनी म्हटले, एकट्या न्या. खन्नांनी विरोध केला. तो निकाल उलटायला २०१७ साल उजाडावे लागले. दाखला आणि तुरुंग यांची बरोबरी मी करीत नाही. पण 'साहेबांनी ठरवले, आता ऐकायचे काय' ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे, आणि उच्च न्यायालयाच्या या शहरात तरी ती खपता कामा नये.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. वर्गात साठ मुले, त्यात निवडणुकीची व जनगणनेची कामे. छडी काढून घेतली आणि तिच्या जागी हातात काहीच दिले नाही. ही तक्रार खरी आहे. परंतु तिचा निष्कर्ष 'छडी परत द्या' असा निघत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला गॅरी बेकरचा १९६८ चा निबंध माहीत असतो. गुन्ह्याला आळा किती बसेल हे शिक्षेच्या तीव्रतेइतकेच ती होण्याच्या शक्यतेवरही अवलंबून असते, असा त्याचा हिशेब. आमच्या शाळांत याचा अर्थ उघड आहे. नव्वद वेळा दुर्लक्ष आणि एक्याण्णवाव्या वेळी थेट दाखला, ही शिस्त नव्हे, सोडत आहे. शिवाय या शिक्षेचा खर्च शाळा सोसत नाही. तो त्या मुलाच्या घरावर पडतो. ज्याला खर्च सोसावा लागत नाही, तो शिक्षा उधळेपणाने वापरतो.

म्हणून माझ्या सूचना चारच आहेत व त्यांना फारसा पैसा लागत नाही.

१. शाळेचे नियम एका पानावर, मुलाला समजेल अशा भाषेत, सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हाती द्यावेत. प्रत्येक नियमासमोर शिक्षाही लिहावी.

२. आरोप लेखी द्यावा व निदान तीन दिवसांनी पालकांसमक्ष मुलाचे म्हणणे नोंदवावे. ते त्याच्याच शब्दांत असावे.

३. निर्णय सकारण असावा आणि त्यावर शाळेबाहेरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता यावे.

४. दुसऱ्या शाळेतील जागा निश्चित झाल्याखेरीज दाखला देऊ नये, आणि त्यातील वर्तणुकीचा रकाना कायमचा काढून टाकावा.

याने शिस्त बिघडेल असे ज्यांना वाटते, त्यांना मी एवढेच विचारीन, की सेवानियमांतील चौकशीच्या तरतुदींमुळे सरकारी कचेऱ्यांतील शिस्त बिघडली असे आपण म्हणतो का? आणि म्हणत असू, तर त्या तरतुदी आधी स्वतःपुरत्या सोडून देण्याची आपली तयारी आहे का?

त्या मुलाच्या फाइलवर मी नंतर एक टीप लिहिली : निर्णयाचा फेरविचार व्हावा, मुलाला ऐकण्यात यावे. समितीने ती पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेतली. तोपर्यंत माझी बदली झाली होती. चूक करताना मला पाच मिनिटे लागली होती. ती दुरुस्त करण्यासाठी रीतसर मार्गाने जावे लागले.