तुरटीच्या खड्यात काय असते?

आश्विन पौर्णिमेच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर जरा उभे राहून पाहा. भवानीच्या दर्शनाला निघालेले असंख्य भाविक ही सुमारे ४५ किलोमीटरची वाट पायी तुडवतात. बालाघाटाचा चढ येईपर्यंत प्रत्येकाचे अंग घामाने निथळत असते. पण विद्यार्थी मित्रहो, या ताज्या घामाला जवळजवळ वासच नसतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

वास निर्माण करतात ते त्वचेवरचे जीवाणू. आपल्या काखेत एका विशिष्ट प्रकारच्या घर्मग्रंथी असतात. त्या लहानपणी जणू झोपलेल्या असतात आणि तुमच्याच वयात, म्हणजे वयात येताना, जाग्या होतात. त्यांच्या स्रावातील पदार्थांचे जीवाणू विघटन करतात आणि त्यातून उग्र वासाची संयुगे बाहेर पडतात. म्हणजे हा रोग नव्हे आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट तर मुळीच नव्हे. वर्गात यावरून कुणाला चिडवले जात असेल, तर शिक्षकांनी त्या दिवशी हाच धडा घ्यावा, असे मला वाटते.

या वासावर बाजारात दोन तऱ्हेचे उपाय मिळतात. घामरोधकात अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घर्मनलिकांच्या तोंडाशी तात्पुरते बूच बसवतात. दुर्गंधनाशक मात्र घाम थांबवत नाही. ते जीवाणूंना आवर घालते आणि वर सुगंधाचे पांघरूण घालते. फवाऱ्याच्या कित्येक डब्यांत नुसते अल्कोहोल व सुगंधी द्रव्ये असतात, अ‍ॅल्युमिनियम नसतेच!

आता ‘अ‍ॅल्युमिनियम सोडा, नैसर्गिक वापरा’ अशी हाक ऐकू येते. गंमत पुढेच आहे. नैसर्गिक म्हणून जो पारदर्शक खनिज-खडा चकचकीत वेष्टनात विकला जातो, तो बहुधा आपली तुरटीच असते. होय, न्हाव्याच्या पेटीतली, गढूळ पाण्यात फिरवायची तीच तुरटी! आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम व अ‍ॅल्युमिनियम यांचा सल्फेट क्षार. कुणी म्हणतात, तुरटीचा रेणू मोठा, तो त्वचेत शिरत नाही. पण ओल्या काखेत तुरटी विरघळली, की तिचे आयन सुटे होतात. त्यांत अ‍ॅल्युमिनियमचेही आयन आलेच.

तेव्हा ‘नैसर्गिक’ आणि ‘अ‍ॅल्युमिनियमविरहित’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे ही शुद्ध फसगत आहे. भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे. ज्या बालाघाटावर तुळजापूर वसले आहे, त्याच्या काळ्या बेसाल्टमध्येही ते आहेच. याहून नैसर्गिक ते काय असणार?

मग ते घातक आहे का? २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काखेत लावलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी अवघे ०.०१२ टक्के शरीरात शोषले गेल्याचे आढळले. (प्रयोग दोनच व्यक्तींवर झाला होता, हेही सांगितले पाहिजे.) २००२ साली अमेरिकेत स्तनांचा कर्करोग झालेल्या ८१३ व न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना केली गेली, घामरोधकाशी या रोगाचा संबंध दिसला नाही. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच घामरोधक वापरावे, कारण शरीरातले अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडेच करतात.

कुणाला अ‍ॅल्युमिनियम नको असेल, तर त्याने ते खुशाल सोडावे. पण वेष्टनावरची मोठी अक्षरे सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. शिवाय खायचा सोडा किंवा लिंबू घरचे म्हणून काखेत चोळू नये. त्वचा किंचित आम्लधर्मी असते. सोडा अल्कधर्मी, तर लिंबाचा रस फारच आम्ल. दोन्हींनी आग होऊ शकते. साबणाने धुऊन काख कोरडी करणे आणि रोज धुतलेला सुती सदरा घालणे, एवढ्यावर पुष्कळांचे भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांना किराणा दुकानातला तुरटीचा साधा खडा महागड्या खड्याइतकाच उपयोगी पडेल.

खात्री करायची आहे? आठवडाभर दोन्ही काखा साबणाने धुवा आणि एकाच काखेत ओला तुरटीचा खडा हलकेच फिरवा. त्वचा खरचटलेली असेल, तर थांबा. संध्याकाळी सदऱ्याच्या दोन्ही बाह्यांचा वास भावंडाला घ्यायला सांगा. तुरटी कोणत्या बाजूला लावली होती, ते मात्र त्याला सांगू नका!