फोनच्या त्या टोकाला कोण?

टेलिफोनच्या धंद्यातून माणूस काढून टाकायची कल्पना काही आजची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ होता. धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. त्याच्याबद्दल असं सांगतात की, गावातल्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन ती बिनदिक्कत आपल्या नवऱ्याकडे जोडून द्यायची. वैतागून त्याने ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं आणि १८९१ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे कितीतरी वर्षं आपल्याकडचीही एक्स्चेंजेस त्याच तत्त्वावर खटखट करत चालली.

गोष्टीला थोडं तिखटमीठ लावलेलं असेल. पण त्यातला मुद्दा आजही तोच आहे. माणूस पक्षपात करतो, कंटाळतो, चहापाणी मागतो. यंत्र यातलं काही करत नाही. टेलिकॉम कंपन्या आणि सरकार कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे सगळे जिला एआय म्हणतात ती, आणताना हाच युक्तिवाद करतात. तो अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याबद्दल दोन शब्द लिहायचे आहेत.

आधी जे चांगलं आहे ते सांगतो. आमचं सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी. पलीकडे अंबाबरवाचं जंगल. ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली, त्यांना खिशातल्या फोनचं अप्रूप वेगळं सांगायला नको. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला तिचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज सुरू झालं. १२८ लाइनींचं ते लहानसं यंत्र वातानुकूलनाशिवाय, आपल्या धुळीत आणि उन्हात चालायचं. खेड्याची परिस्थिती पाहून यंत्र बनवलं, म्हणून ते खेड्यात टिकलं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचं सगळं याच वाक्याशी जोडलेलं आहे.

आता एआय टॉवरवर काय करते? रात्री दोन वाजता फोन वापरणारे कमी असतात, तेव्हा टॉवरवरची जास्तीची यंत्रणा ती झोपवून ठेवते आणि वीज वाचवते. शेगावला प्रगट दिनाला लाखोंची गर्दी होणार, हे मागच्या आकड्यांवरून ओळखून आधीच तयारी करता येते. बिघाड होण्याआधी त्याची चाहूल लागते. यात वाईट काही नाही.

फसवणुकीच्या फोनचंही तसंच. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये एआयवर चालणारी स्पॅम ओळखण्याची सोय सुरू केली. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे ती रोज २५० कोटी कॉल आणि १५० कोटी मेसेज तपासते. २०२५ मध्ये हे इशारे मराठीसह दहा भारतीय भाषांत मिळू लागले. एवढे कॉल तपासायला माणसं बसवायची म्हटली तर अख्खा जिल्हा पुरणार नाही. तिथे यंत्रच हवं.

पण यंत्र संशय घेतं आणि लगेच शिक्षाही देतं, तिथे माझी हरकत सुरू होते.

दूरसंचार विभागाची ‘अस्त्र’ नावाची एक प्रणाली आहे. १६ मे २०२३ रोजी संचार साथी पोर्टलबरोबर तिची देशभरासाठी घोषणा झाली. सिम घेताना आपण जो फोटो दिलेला असतो, ते सगळे फोटो ती एकमेकांशी ताडून पाहते. एकच चेहरा आणि नावं मात्र वेगवेगळी, असं दिसलं की संशय. त्या वेळी सरकारने सांगितलं की ८७ कोटींहून जास्त जोडण्या तपासल्या, ४० लाखांहून जास्त संशयास्पद निघाल्या आणि फेरपडताळणीनंतर ३६ लाखांहून जास्त बंद केल्या. भामट्यांची सिमकार्डं बंद झाली हे उत्तमच. ज्यांची आयुष्यभराची पुंजी एका फोनवर गेली, त्यांना विचारा त्याचं मोल.

पण फेरपडताळणी म्हणजे काय? ज्याच्यावर संशय, त्याला कळवायचं; त्याने येऊन आपली ओळख पटवायची; नाही आला तर नंबर बंद. आता विचार करा, कळवायचं कसं? मेसेजने किंवा फोनने. आणि गेली काही वर्षं आपल्याला हेच शिकवलं जातंय की ‘केवायसी करा, नाहीतर तुमचं सिम बंद होईल’ असा मेसेज आला की तो भामट्याचा समजा! ‘सिम बंद करू’ असे फोन आम्ही करत नाही, असं खुद्द ट्राय पुन्हा पुन्हा सांगते. मग खरी नोटीस आली तर शेतकऱ्याने ती ओळखायची कशी? जो शहाणा, तो मेसेज पुसून टाकील आणि त्याचाच नंबर जाईल.

नंबर गेला तर बिघडलं काय, दुसरा घ्या, असं शहरात बसून म्हणता येतं. आज नंबर म्हणजे माणसाची सही झालेली आहे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करायची तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला हमीभावाने कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते, तीही मोबाइलवरून. आमच्या भागात कापूस घरात येतो तेव्हा मजुरी, दुकानदार, सोसायटी सगळे एकदम दारात उभे असतात. त्या आठवड्यात ज्याचा नंबर बंद पडला, तो कापूस हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. यंत्राच्या हिशेबात ही चूक कुठे नोंदलीसुद्धा जात नाही.

याच्या पुढची पायरीही आली आहे. मे २०२५ पासून दूरसंचार विभाग संशयित नंबरांना जोखमीच्या तीन पायऱ्या लावतो: मध्यम, जास्त आणि अतिशय जास्त. ३० जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना ही माहिती आपल्या व्यवस्थेत जोडून घ्यायला सांगितलं. हेतू चांगला आहे. पण आपल्या नंबरावर असा शिक्का बसला आणि पैसे अडकले, तर तो का बसला हे विचारायला जायचं कुणाकडे?

कागदावर सोय आहे. २०१२ च्या नियमांप्रमाणे आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जायचं, तिथे समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत. कापसाच्या हंगामात ३९ दिवस म्हणजे किती, ते सांगायला नको. ग्राहकाचा फोन ऑपरेटरने ९० सेकंदांत उचलावा, शंभरापैकी निदान ९५ वेळा, असंही नियम म्हणतो. पण ऑपरेटरपर्यंत पोचलात तर ना! आधी यंत्र बोलतं. त्याला पुस्तकी मराठी समजते. ‘माह्या फोनले रेंज नाई, मले सायबाशी बोलाचं हाय’ असं आमचा माणूस म्हणाला की ते तीनदा ‘माफ करा, समजलं नाही’ म्हणतं आणि बंद होतं. मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवली, पण वऱ्हाडी बोलला म्हणून कुणाला वर्गाबाहेर काढलं नाही.

माणसं का नाहीत, याचं उत्तर सोपं आहे. पगार वाचतो. ब्रिटनच्या बीटी कंपनीने मे २०२३ मध्ये सांगितलं की २०३० पर्यंत ५५ हजारांपर्यंत जागा कमी होतील आणि त्यातल्या सुमारे दहा हजार जागांचं काम एआय करील. आपल्या बीएसएनएलमधून तर एआय येण्याआधीच, ३१ जानेवारी २०२० ला, ७८ हजारांहून जास्त कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका दिवसात बाहेर पडले. लाइनमन चहाला पैसे मागायचा हे खरं. पण तो बाजारात भेटायचा, त्याला अडवता यायचं, त्याच्या साहेबाकडे तक्रार नेता यायची.

जुलै २०२३ मध्ये ट्रायने टेलिकॉममधल्या एआयबद्दल सरकारला शिफारशी केल्या. माणसांवर थेट परिणाम करणारे जास्त जोखमीचे वापर कायद्याच्या बंधनात आणावेत, असं त्यात आहे. स्वतंत्र प्राधिकरणही सुचवलं होतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने एआयची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात मात्र तूर्त वेगळ्या कायद्याची गरज नाही अशी भूमिका आहे. ठीक आहे, मोठा कायदा सवडीने करा. पण तीन साध्या गोष्टींना कायद्याची वाट पाहायला नको.

एक, यंत्राने संशय खुशाल घ्यावा, पण नंबर बंद करायचा किंवा जोखमीचा ठरवायचा निर्णय माणसाच्या सहीने व्हावा आणि त्याचं कारण ग्राहकाला मराठीत लेखी मिळावं. दोन, हेल्पलाइनवर पहिल्याच यादीत ‘माणसाशी बोला’ हा पर्याय असावा. तीन, नोटीस खरी की खोटी हे तपासायला गावाजवळ एखादी खिडकी हवी. पोस्ट ऑफिस आहे, आपले सरकार सेवा केंद्र आहे. तिथल्या माणसाला एवढा अधिकार द्या की तो ओळख पाहून सांगेल, ‘हो, नोटीस खरी आहे, या अंगठा लावा.’ कित्तूरच्या एक्स्चेंजसारखी ही यंत्रणाही आपल्या गावात चालेल अशी बनवता येईल. बनवणाऱ्यांनी गाव पाहिलेलं असावं लागतं, इतकंच.

असो. तोवर आपल्या हातात आहे ते करू या. संचार साथीवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. एका नावावर नऊपर्यंत चालतात, पण घरातल्या सगळ्यांचे फोन आजोबांच्या नावावर असं आपल्याकडे सर्रास असतं. घरातल्या पोराला बसवून एकदा यादी बघून घ्या. जे आपलं नाही ते कळवा, आणि जे सुनेच्या किंवा नातवाच्या हातात आहे ते त्यांच्या नावावर करून टाका. हंगाम सुरू व्हायच्या आधी केलेलं बरं.