रात्रीचा उजेड आणि शरीराचे घड्याळ

दुकानाचे शटर रात्री ९ वाजता खाली येते. व्यवहार काही थांबत नाही. गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, उद्याचे भाव, वाहतूकदारांचे निरोप, नातेवाइकांची छायाचित्रे, हे सारे अंथरुणावर पडल्यानंतरही मोबाइलवर येत राहते. या साधनाने अंतर मिटविले, हे निर्विवाद आहे. त्यापोटी शरीराच्या खात्यावर काय नावे पडते, याचा हिशेब फारसा कोणी ठेवत नाही.

डोळ्याचे काम केवळ पाहण्याचे नव्हे. २००२ साली अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दृष्टिपटलातील काही मज्जापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात. मेंदूतील घड्याळाला ‘दिवस आहे की रात्र’ हे कळविणे, हे त्यांचे मुख्य कार्य. अशा पेशी माणसाच्या डोळ्यातही असतात. निळ्या छटेचा प्रकाश त्यांना विशेष जाणवतो, आणि मोबाइलच्या पडद्यातून तोच भरपूर येतो. परिणामी रात्र झाल्याचा संकेत देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक पिनियल ग्रंथीतून उशिरा स्रवू लागते.

बोस्टनमधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी तरुणांनी झोपेपूर्वी ४ तास, सलग ५ रात्री उजळ पडद्यावर वाचन केले. तितक्याच रात्री मंद दिव्यात छापील पुस्तक वाचले. पडद्यावरील वाचनानंतर मेलाटोनिनची वेळ सुमारे दीड तास पुढे ढकलली गेली. झोप लागण्यास सरासरी १० मिनिटे अधिक लागली, आणि सकाळची मरगळही वाढली. १२ माणसे म्हणजे थोडीच, आणि ४ तास पूर्ण उजेडात वाचणारेही विरळा. तेव्हा हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. रोख मात्र ध्यानात घ्यावा.

पडदा पिवळसर केला की काम भागले, असेही पुष्कळांना वाटते. पण थकलेल्या उधारीचा निरोप पिवळ्या पडद्यावर वाचला, तरी छातीतील धडधड कमी होत नाही. झोप उडविण्यात उजेडाइतकाच मजकुराचाही हात असतो, हे कोणताही व्यापारी सांगेल.

म्हणून मोबाइल दिवाणखान्यातच चार्जिंगला लावावा. पहाटे उठण्यास गजराचे साधे घड्याळ पुरते. परीक्षेला बसलेल्या मुलांना हा नियम सांगण्यापूर्वी वडिलांचा मोबाइल शयनगृहाबाहेर गेलेला असावा. मुले तेवढे बरोबर पाहतात.