टी. नरसीपूरची तात्पुरती नेमणूक आणि प्राप्तिकर

महाराष्ट्रातील परिचारिका काही महिन्यांसाठी कर्नाटकात कामाला गेली, की तिला दोन्ही राज्यांना प्राप्तिकर द्यावा लागतो, हा समज निराधार आहे. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने (संघसूची, नोंद 82) केंद्राकडे दिला आहे. मिरजेतला पगार आणि म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरचा पगार एकाच पॅनखाली, एकाच विवरणपत्रात दाखवायचा असतो. दोन राज्यांत दोन विवरणपत्रे ही अमेरिकेतील फिरत्या परिचारिकांची अडचण. तिथे बहुतेक राज्येही प्राप्तिकर घेतात.

याहून महागात पडणारा समज उलट बाजूचा आहे: नेमणूक तात्पुरती, म्हणून राहण्याजेवणाचा भत्ता करमुक्त. 1961 च्या कायद्याचे कलम 10(14) आणि नियम 2बीबी यांतली सवलत इतकी सैल नाही. कर्मचारी नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दौऱ्यावर असला पाहिजे आणि भत्ता त्या खर्चासाठी प्रत्यक्ष खर्ची पडला पाहिजे. उरलेली रक्कम करपात्र ठरते. समजा, कावेरी-कपिलेच्या संगमावर दर तीन वर्षांनी भरणाऱ्या कुंभमेळ्यासाठी मिरजेच्या रुग्णालयाने आपल्या हजेरीपटावरील परिचारिका आठवडाभर पाठवली. तिचा दैनिक भत्ता या सवलतीत बसतो, नव्या करप्रणालीतसुद्धा. पण नरसीपूरच्याच रुग्णालयाने तिला अकरा महिन्यांच्या करारावर घेतले, तर तिचे नेहमीचे ठिकाण नरसीपूरच. घर मिरजेत आहे, मुले तिथे शिकतात, हा युक्तिवाद इथे चालत नाही; कायदा कामाची जागा पाहतो. मूळ वेतन नाममात्र आणि ‘भत्ता’ भरघोस अशी पगारपत्रके काही मध्यस्थ करून देतात. त्यांतला भत्ता हा पगारच होय, आणि कराची नोटीस मध्यस्थाला नव्हे, परिचारिकेला येते.

घरभाड्याची सवलत जुन्या करप्रणालीपुरतीच उरली आहे. तीही घरभाडे भत्ता मिळत असेल आणि नरसीपूरला खरोखर भाडे भरले असेल तरच. मर्यादा मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 40 टक्के. 50 टक्क्यांचा लाभ महानगरांचा. रुग्णालयाने स्वतःच्या मालकीचे क्वार्टर फुकट दिले, तर त्याचेही मूल्य उत्पन्नात धरले जाते: खासगी मालक आणि नरसीपूरएवढे गाव असेल तर पगाराच्या 5 टक्के.

‘दोन्हीकडे टीडीएस शून्य, म्हणजे कर शून्य’ हेही अर्धेच खरे. प्रत्येक मालक स्वतः दिलेल्या पगारापुरताच हिशेब करतो. 2025-26 मध्ये नव्या प्रणालीत पगारदाराला 12 लाख 75 हजारांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे बहुतेक कंत्राटी परिचारिका सुटतात, हे मान्य. पण एखाद्या अनुभवी परिचारिकेला दोन्हीकडे सात-सात लाख मिळाले, तर 14 लाखांवर उपकरासह 81,900 रुपये कर होतो, आणि दोन्ही फॉर्म 16 मध्ये कपात शून्य दिसते. नव्या मालकाला फॉर्म 12बी देऊन आधीचा पगार कळवला की हा घोळ टळतो. मानधनावर काम करणारीचे उलट होते: तिच्या रकमेतून 10 टक्के कापले जातात. देय कर शून्य असला तरी विवरणपत्र भरल्याशिवाय ते पैसे परत मिळत नाहीत. शिवाय मानधनावर पगारदाराची 75 हजारांची प्रमाणित वजावट मिळत नाही. तिची मर्यादा 12 लाखच.

राज्याची सीमा खरोखर जाणवते ती व्यवसाय करात. 2023 पासून कर्नाटकात महिना 25 हजारांहून कमी पगारावर हा कर नाही, मग नोकरदार स्त्री असो वा पुरुष. महाराष्ट्राने 25 हजारांची सूट फक्त स्त्रियांना दिली. म्हणून 22 हजार मिळवणारा ‘ब्रदर’ मिरजेत महिन्याला 200 रुपये भरतो, नरसीपूरला काहीच नाही. ही तफावत महाराष्ट्राने मिटवायला हवी. राज्याला वर्षाला 2,500 रुपयांहून जास्त व्यवसाय कर घेता येत नाही, आणि जुन्या करप्रणालीत तो पगारातून वजा होतो.

1 एप्रिल 2026 पासून 2025 चा प्राप्तिकर कायदा लागू असल्याने त्यापुढच्या उत्पन्नासाठी कलमांचे क्रमांक नव्या कायद्यातून घ्यावे लागतात.